डेस्कटॉप ॲप थेट डेटाबेसला जोडलंय, मधे सर्व्हिस लेअर घालावा का?

चादर_कोडर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर आहे. कारखाना, गोदाम आणि शहरातलं दुकान, तिन्हीकडचं ॲप थेट पोस्टग्रेस डेटाबेसला जोडतं. एक कॉलम बदलला की प्रत्येक पीसीवर नवी एक्झी (ॲपची फाइल) टाकावी लागते. शिवाय एकच माल दुकान आणि गोदाम दोघंही विकून बसतात. सर्व्हिस लेअरनं, म्हणजे ॲप आणि डेटाबेसच्या मधे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, हे सुटेल, की नुसता एक टप्पा वाढेल?

बॅकएंड_सोलापूर
घालाच. पण टेबलागणिक वाचा-लिहा-पुसा असे एपीआय (ॲपनं सर्व्हिसला करायचे ठरावीक कॉल) काढू नका. नियम क्लायंटमध्येच (पीसीवरच्या ॲपमध्ये) राहतील आणि खरंच नुसता टप्पा वाढेल. एपीआय कामाच्या नावानं हवेत: विक्री नोंदवा, माल राखून ठेवा, चलन रद्द करा. मग आत कॉलम बदलला तरी बाहेरचं उत्तर तेच ठेवता येतं आणि एक्झीला हात लागत नाही.

दुहेरी विक्री मात्र लेअर आला म्हणून आपोआप थांबणार नाही. दोघंही आधी शिल्लक वाचतात, दोघांनाही १२ डझन दिसतात, मग दोघंही वजा करून लिहितात. हाच कोड सर्व्हिसमध्ये उचलून ठेवलात तर चूकही सोबत येईल. एकाच अपडेटमध्ये 'शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर' ही अट घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य असतील तर ४०९ (टक्कर झाल्याचा एचटीटीपी कोड) परत द्या. चलनाची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही.

नेट तुटलं की ॲप तीच विक्री पुन्हा पाठवतं, हेही धरून चाला. प्रत्येक विक्रीला क्लायंटनंच युनिक आयडी द्यावा, पुन्हा पाठवताना तोच वापरावा, आणि टेबलात त्यावर युनिक इंडेक्स हवा, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही.

क्वेरी_मास्तर
वेगाचं बघा. चलनात २०० ओळी आणि प्रत्येकीला वेगळा कॉल, सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन फेरी ४० मिलिसेकंदांची धरली तरी ८ सेकंद गेले. अख्खं चलन एकाच कॉलमध्ये पाठवा. सर्व्हिसमध्ये कनेक्शन पूल (डेटाबेसची उघडून ठेवलेली, पुन्हा पुन्हा वापरायची कनेक्शनं) ठेवा, सुरुवातीला १० पुरे. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची आहे आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते.

चादर_कोडर
सगळं एकदम बदलणं शक्य नाही. सुरुवात कुठून?

बॅकएंड_सोलापूर
साठ्यात बदल करणाऱ्या कामांपासून. विक्री, आवक, परतावा सर्व्हिसमधून जाऊ द्या. रिपोर्ट सध्या थेट वाचू देत. प्रत्येक पीसीवर नवी एक्झी पोचली की लगेच जुनी एक्झी ज्या डेटाबेस युजरनं जोडते त्याचा साठ्याच्या टेबलावरचा लिहिण्याचा हक्क काढा. तो राहिला तर कुठलीतरी जुनी एक्झी सगळे नियम ओलांडून लिहीत राहील. रिपोर्टही हलले की फायरवॉलवर ५४३२ (पोस्टग्रेसचा पोर्ट) फक्त सर्व्हिसच्या सर्व्हरसाठी उघडा ठेवा.