मदत हवी आहे: दूरचित्रवाणीसाठी ज्येष्ठ कलावंतांची व्यक्तिचित्रे काढताना प्रकाश, चौकट आणि रिटचिंग

नमस्कार,

मी इंदुरात राहतो आणि प्रामुख्याने मराठी नाटके व शास्त्रीय संगीताच्या मैफली यांचे छायाचित्रण करतो. मुंबईची एक निर्मितीसंस्था एका मराठी वाहिनीसाठी ज्येष्ठ गायक-नटांच्या मुलाखतींची मालिका तयार करत असून तिचे काही भाग इंदुरातच चित्रित व्हायचे आहेत. त्या भागांतील पाहुण्यांची व्यक्तिचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ही चित्रे प्रोमोमध्ये, सुरुवातीच्या नामावलीत, जाहिरातींच्या विश्रांतीपूर्वी पूर्ण पडद्यावर आणि मोबाइलवरच्या उभ्या जाहिरातीत वापरली जातील. मंचावर प्रकाशयोजना दुसऱ्याची असते आणि आपण केवळ क्षण निवडायचा असतो. येथे प्रकाशही मलाच रचायचा आहे, आणि तोही रंगभूषा आटोपल्यानंतर मुलाखत सुरू होण्याआधीच्या जेमतेम पंधरा मिनिटांत.

जागा म्हणजे सभागृहाच्या रंगपटाला लागून असलेली, सुमारे बारा फूट बाय पंधरा फुटांची, ठेंगण्या छताची आणि फिक्या पिवळसर भिंतींची खोली आहे. साहित्यात दोन स्टुडिओ फ्लॅश, नव्वद सेंटिमीटरचा एक ऑक्टाबॉक्स (प्रकाश मऊ करणारी अष्टकोनी कापडी पेटी), एक स्ट्रिपबॉक्स (तशीच अरुंद, लांबट पेटी), २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि ८५ मिमीची लेन्स आहे. पांढरे व काळे थर्माकोल हवे तेवढे मिळेल. खोली लहान असल्यामुळे प्रकाश छतावरून आणि भिंतींवरून परतून चेहऱ्यावर येतो, सगळ्या सावल्या भरून निघतात आणि मागची भिंतही तितकीच उजळ राहते. ती भिंत गडद राखून चेहऱ्याला उठाव कसा द्यावा, ही माझी पहिली अडचण आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. निर्मितीसंस्थेने नमुन्यादाखल पाठवलेली चित्रे सगळी एकाच साच्यातली आहेत: कॅमेऱ्याच्या बरोबर वर मुख्य दिवा, हनुवटीखाली परावर्तक, सावली जवळजवळ नाही आणि त्वचा अशी गुळगुळीत की सत्तरीतला माणूस चाळिशीचा दिसावा. दैनंदिन मालिकेतल्या तरुण नायिकेला ही पद्धत शोभते, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या गायकाच्या कपाळावरच्या आठ्या आणि गळ्याच्या शिरा हाच त्याच्या गाण्याचा निम्मा हिशेब आहे, त्याच्या चेहऱ्यावरून त्या पुसून टाकणे मला पटत नाही. शिवाय छापील मासिकातले चित्र एकटे पाहिले जाते. दूरचित्रवाणीवर मात्र ते चित्र हटल्याबरोबर तोच चेहरा हलता-बोलता समोर येतो. दोन्हींत वीस वर्षांचे अंतर दिसले, तर प्रेक्षकाला खटकणारच. हे निर्मात्यांना शब्दांत सांगून पटणार नाही, चित्रातूनच दाखवावे लागेल. तेव्हा चेहऱ्याच्या एका बाजूला सावली राखणारा, पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही चेहरा ओळखू येईल असा प्रकाश नेमका किती तिरपा आणि किती विषम ठेवावा?

याखेरीज एका पाहुण्यांचा चष्मा जाड काचांचा आहे आणि ते तो काढून बसणार नाहीत. एक बाई महेश्वरी साडी नेसून येणार आहेत. तिच्या बारीक रेघांच्या काठाचा पडद्यावर त्रास होतो असे ऐकून आहे. करारपत्रात ‘सर्व हक्क निर्मात्याकडे’ असे मोघम वाक्य आहे, त्याबद्दलही कोणी जाणकार बोलले तर बरे होईल.

प्रतिसाद

मी वाहिन्यांच्या प्रोमोंचे संकलन करतो, त्यामुळे प्रथम चौकटीबद्दल लिहितो. आपल्या कॅमेऱ्याची चौकट ३:२ आहे, पडद्याची १६:९. सहा हजार बाय चार हजार पिक्सेलच्या चित्रातून पडद्यासाठी ६००० बाय ३३७५ चा तुकडा मिळतो. कार्यक्रम १९२० बाय १०८० मध्ये असेल, तर संकलकाला चेहऱ्याकडे सावकाश सरकत जाण्यासाठी तिप्पट वाव राहतो आणि चित्र फाटत नाही. हा वाव आम्हाला फार मोलाचा असतो. म्हणून कॅमेऱ्यातच घट्ट चौकट बांधू नका. त्याच आडव्या चित्राच्या पूर्ण उंचीतून उभ्या जाहिरातीसाठी २२५० बाय ४००० चा तुकडा निघतो, मात्र त्यासाठी खांदे फार पसरलेले नसावेत. नावाची पट्टी खालच्या भागावर येणार हे धरून हात आणि वाद्य पट्टीच्या वरच्या बाजूला राहतील असे बसवा. चारही कडांपासून निदान पाच टक्के अंतरात महत्त्वाचे काही ठेवू नका. प्रत्येक पाहुण्याचे एक चित्र डावीकडे आणि एक उजवीकडे जागा सोडून घ्या, कारण मजकूर कोणत्या बाजूला येईल हे ग्राफिक्सवाल्यालाही आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नसते.

साडीबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. आपल्याकडचे एचडी प्रसारण १०८०आय पद्धतीचे असते, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी दाखवल्या जातात. चित्रातली बारीक आडवी रेघ एकाच ओळीत मावली की ती क्षणात दिसते, क्षणात नाहीशी होते आणि काठ थरथरू लागतो. पदर असा घ्या की काठ तिरपा किंवा उभा येईल. तरीही थरथर उरली, तर फक्त तेवढ्या भागावर उभ्या दिशेने किंचित धूसरपणा आम्ही देतो. चित्रे एसआरजीबी या रंगपद्धतीतच द्या. त्याचे मूळ रंग आणि पांढऱ्याचा बिंदू एचडीच्या ‘रेक. ७०९’ या रंगमानकाशी जुळतात, त्यामुळे चेहऱ्याचा वर्ण वाटेत बदलण्याची भीती कमी राहते.

रिटचिंगविषयी मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. तात्पुरते ते काढावे, म्हणजे पुटकुळी, दाढी करताना झालेली जखम, गालावर चिकटलेला केस. कायमचे ते राहू द्यावे. वाहिनीने फार आग्रह धरला, तर डोळ्यांखालची सावली निम्मी करून द्या, पूर्ण घालवू नका.

प्रतिसाद

मी बडोद्याला स्टुडिओ चालवतो. लहान खोलीवरचा उपाय अंतरात आहे. पाहुण्याला भिंतीपासून दोन मीटर पुढे बसवा आणि ऑक्टाबॉक्स चेहऱ्यापासून एक मीटरवर आणा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे तीन मीटरवरच्या भिंतीला चेहऱ्याच्या एक-नवमांश, म्हणजे तीन स्टॉपांहून किंचित जास्तच कमी प्रकाश मिळेल (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), आणि आपली पिवळसर भिंत आपोआप गडद करडी दिसेल. पार्श्वभूमीचा कागद आणण्याची गरज नाही. ऑक्टाबॉक्सला कापडी ग्रिड, म्हणजे प्रकाश बाजूंना पसरू न देणारी चौकड्यांची जाळी, लावा, सावलीच्या बाजूला काळे थर्माकोल उभे करा आणि जमल्यास छताला काळे कापड ताणा. खोलीतल्या ट्यूबलाइट मात्र बंद करा.

दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला सुमारे पंचेचाळीस अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीहून वर ठेवला की दूरच्या गालावर प्रकाशाचा छोटा त्रिकोण उमटतो. तो त्रिकोण दिसेनासा होऊ देऊ नका. उजळ आणि सावलीच्या बाजूंचे प्रमाण तीनास एक इथपर्यंत ठेवा. मोबाइलवर त्याहून अधिक विषम प्रकाशात अर्धा चेहरा जातो, असा माझा अनुभव आहे. छापील चित्रासाठी मी बेधडक पाचास एक ठेवतो, पण ती गोष्ट निराळी.

चष्म्याची काच चमकते तेव्हा कॅमेऱ्याला काचेत दिवाच दिसत असतो. दिवा आणखी वर आणि बाजूला न्या, पाहुण्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा आणि चष्म्याच्या दांड्या कानावर केसभर उचला. दिवा जितका मोठा, तितके हे अवघड, म्हणून या एका पाहुण्यांसाठी ऑक्टाबॉक्स थोडा मागे सरकवा. भिंत त्यामुळे जरा उजळेल, तेवढे सोसावे लागेल.

आपण लिहिले नाही असा एक धोका आहे. रंगभूषा सेटवरच्या अखंड प्रकाशासाठी केलेली असते, आणि सिलिका असलेली पारदर्शक पावडर फ्लॅशखाली पांढुरकी चमकू शकते. रंगभूषाकारांना आधीच विनंती करा आणि पहिला फोटो त्यांनाही दाखवा. वादकांचे हात घ्यायचे असतील तर तुमचा दुसरा दिवा त्यांच्यासाठी राखून ठेवा. व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले छायाचित्रकार यूसुफ कार्श हातांना स्वतंत्र प्रकाश देत असत. आणि हो, तुकोजीराव होळकरांच्या प्रोत्साहनाने लाला दीनदयाळ तुमच्याच गावी छायाचित्रकार झाले. त्यांच्या काळी बसणाऱ्याला हलायचीही मुभा नव्हती, त्या मानाने पंधरा मिनिटे ही चैनच आहे!

प्रतिसाद

करारापुरते लिहितो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर त्या चित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. म्हणजे ते मोघम वाक्य काढून टाकले तरी हक्क आपल्याकडे आपोआप येणार नाहीत. स्वतःच्या संग्रहात आणि प्रदर्शनात चित्र वापरण्याची परवानगी, तसेच नामावलीत श्रेय, या दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा कलम ५७ मधला अधिकार त्याहून वेगळा आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंतीच्या अंतराचा हिशेब वाचून मोठा भार उतरला, आणि करारातल्या दोन ओळी आजच निर्मात्यांना कळवतो. दोन्ही बाजूंना जागा सोडण्याची सूचनाही लगेच वहीत उतरवली आहे. एकच शंका उरते: दोन पाहुणे पांढरे केस आणि पांढरा झब्बा अशा वेशात येतात. चेहऱ्याचा प्रकाश बरोबर ठेवला की झब्बा फटफटीत होतो, आणि नामावलीसाठी तर आकृती पार्श्वभूमीपासून कापून वेगळी करायची आहे.

प्रतिसाद

ऑक्टाबॉक्सचा मध्य छातीवर न रोखता चेहऱ्याच्याही थोडा वर रोखा, म्हणजे झब्ब्यावर फक्त कडेचा मंद प्रकाश पडेल. तेवढ्याने न भागल्यास दिव्याच्या खालच्या अर्ध्या भागापुढे काळी जाळी धरा. केसांसाठी हिरवा पडदा मुळीच नको, त्याची झाक पांढऱ्या केसांत उतरते आणि निघता निघत नाही. तीच गडद करडी भिंत ठेवून मागून स्ट्रिपबॉक्सचा अगदी हलका प्रकाश केसांच्या कडेला द्या. कापणाऱ्याला कड स्वच्छ मिळेल, आणि वाहिनीने पार्श्वभूमी कोणतीही गडद लावली तरी ती खपून जाईल. फिक्या पार्श्वभूमीवर मात्र हे चित्र वापरू नये, असे चित्रासोबत लिहूनच पाठवा.