कोकणचा हवाई चुंबकीय नकाशा: आकडे आधी कोणाच्या हातात पडावेत?

सड्यावरचा (धागाकर्ता)

सार्वजनिक पैशातून विमानाने चुंबकीय मोजणी होत असेल, तर तिचे कच्चे आकडे सगळ्यांना एकाच दिवशी मिळाले पाहिजेत. आणि विमान उडण्याआधी त्या पट्ट्यातल्या ग्रामसभांना ते कशासाठी उडणार आहे हे मराठीत सांगितलं गेलं पाहिजे. या दोन मागण्यांवर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विमान समांतर रेषांवरून, जमिनीपासून ठरावीक उंची राखत उडतं. शेपटीमागे काढलेल्या दांड्यात चुंबकमापी असतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सेकंदाला अनेकदा टिपतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१७ मध्ये अशा मोजणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात रेषांमधलं अंतर ३०० मीटर आणि उंची साधारण ८० मीटर धरलेली आहे. कोकणात ही तीव्रता ४२ हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास असते आणि खडकांमुळे पडणारा फरक बहुतेक वेळा काही दहा ते काही शे नॅनोटेस्लाचा. क्षेत्र दिवसभरात स्वतःही हलतं, म्हणून जमिनीवर एक यंत्र स्थिर ठेवून ती हालचाल नंतर वजा करतात.

डेटाच्या एका ओळीत काय असतं? रेषेचा क्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश, जमिनीपासूनची उंची, मोजलेली तीव्रता, दुरुस्त्यांनंतरची तीव्रता. अशा लाखो ओळींतून तीव्रता जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा असा नकाशा तयार होतो, आणि तो करताना काय गुळगुळीत करायचं, काय ठेवायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं. नुसता नकाशा हातात आला तर त्या ठरवण्याची तपासणी कोणालाच करता येत नाही. माझा आग्रह ओळींसाठी आहे तो यासाठी.

आपल्याच किनाऱ्यावर याचं उदाहरण आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा तिथल्या माणसांनी डोळ्यांनी वाचून घेतलेले आकडे वहीत उतरवले. क्षेत्राच्या आडव्या, म्हणजे जमिनीला समांतर, घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण. त्या नोंदी जपल्या गेल्या, छापल्या गेल्या. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ किती मोठं होतं याचा नव्याने हिशेब मांडला. उपग्रह आणि वीजजाळी यांना अशा वादळाचा धोका किती, हा प्रश्न १८५९ मध्ये कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजणी १९०४ मध्ये अलिबागला नेली, तिथे ती आजही चालू आहे. मोजणाऱ्याला आपल्या आकड्यांचा सगळा उपयोग कधीच ठाऊक नसतो, म्हणून ते अडवून ठेवायचा अधिकारही त्याच्याकडे नसावा.

देवगडचा बागायतदार

तुमचं कुलाबा वाचून बरं वाटलं, पण कुलाब्याच्या वहीतून कोणाची जमीन गेली नव्हती.

कोकणात ‘सर्वे’ म्हटलं की माणूस आधी सात-बारा कपाटातून काढून बघतो, बरोबर आहे ना नाव. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षणाची यंत्रं आली तेव्हा बायका-माणसं भर उन्हात कातळावर येऊन बसली. त्यांना भूशास्त्राचं वावडं नव्हतं. मोजणीनंतर काय येतं हे त्यांना ठाऊक होतं.

उद्या हा नकाशा खुला झाला की पहिल्यांदा कोण उघडणार? माझा शेजारी? त्याच्याकडे ना ते सॉफ्टवेअर, ना वेळ. उघडणार पुण्या-मुंबईतला दलाल आणि त्याने नेमलेला सल्लागार. लाल ठिपक्याखालची कलमं, काजू, पडीक कातळ, सगळं सहा महिन्यांत कुणाच्यातरी नावावर. मुंबईत राहणाऱ्या सहहिस्सेदारांची कुलमुखत्यारपत्रं आधीच फिरत असतात. आमका कोणी काय सांगूक नाय, आणि व्यवहार होऊन गेलेला असतो. हे मी माझ्या वाडीत पाहिलेलं आहे.

माझा विरोध मोजणीला नाही, सरसकट खुलं करण्याला आहे. आधी गावाला द्या, समजावून सांगा. वर्षभराने जगाला द्या.

कोर्टकचेरी

वर्षभर ‘फक्त गावाला’ म्हणजे नक्की कोणाला? सरपंचाला? ग्रामसेवकाला? ज्याच्या हातात ती फाइल असेल त्याच्याकडे दलाल पहिला पोचेल. तळं राखील तो पाणी चाखील. माहिती कुलपात असली की तिची किंमत वाढते, आणि ती किंमत मोजू शकणारा माणूस खातेदार नसतो.

दोन कायदेशीर गोष्टी. खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर लोह, बॉक्साइटसारख्या मोठ्या खनिजांचे पट्टे लिलावाने द्यायचे आहेत, पहिला अर्ज करणाऱ्याचा जुना फायदा गेला. आणि २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कायद्याने काढून घेतला नसेल तर जमिनीखालच्या खनिजाचा हक्क साधारणपणे जमीनमालकाकडेच असतो. आपल्या जमिनीखाली काय असण्याची शक्यता आहे हे मालकालाच ठाऊक नसेल, तर भाव ठरवताना तो कशाच्या जोरावर बोलणार?

पश्चिम घाटाच्या अहवालाचं काय झालं आठवतं ना? माधव गाडगीळांच्या समितीने तो ऑगस्ट २०११ मध्ये दिला. तो लोकांसमोर यायला माहिती अधिकारातला अर्ज, केंद्रीय माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय इतका प्रवास करावा लागला. मे २०१२ उजाडला. मधल्या काळात लोकांना कळलं ते ऐकीव, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्या अहवालाविषयी जे गैरसमज पसरले ते नंतर निघता निघाले नाहीत.

कातळखूण

भूशास्त्र शिकवतो. कच्चा डेटा खुला असावा या मताचा मी आहे. पण वर दोघांनीही लाल ठिपका म्हणजे खनिज असं धरलंय, आणि कोकणात ते धरणं घातक आहे.

रायगड-रत्नागिरीचा बहुतेक भाग बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, वर जांभ्याचं टोपण. बेसाल्ट मुळातच चुंबकीय आहे. खाली काहीही खनिज नसताना नकाशा लाल-निळा दिसणारच. शिवाय हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आणि बऱ्याच थरांच्या वेळी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट दिशेचं होतं. खडकाने ती दिशा धरून ठेवली आहे. म्हणून जिथे चढ अपेक्षित तिथे उतार दिसतो.

आणखी एक अडचण अक्षांशाची. इथे क्षेत्र जमिनीकडे थोडंच कललेलं आहे, त्यामुळे खडक एका जागी आणि त्याची खूण जरा सरकून दुसऱ्या जागी असा प्रकार होतो. उत्तर-दक्षिण पसरलेल्या डाइकची (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंतीची) खूण तर फिकी पडते, आणि किनाऱ्याला समांतर असे डाइक आपल्याकडे भरपूर आहेत.

सिंधुदुर्गात खडक जुने, तिथलं गणित वेगळं. पण तिथेही हेमटाइट हे लोहखनिज असूनही चुंबकीयदृष्ट्या दुबळं, आणि थोडासा मॅग्नेटाइट असलेला निरुपयोगी खडक जोरदार खूण देतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवून बघा. दाढीसारखे उभे राहणारे कण मॅग्नेटाइटचे. ज्यासाठी ती वाळू महत्त्वाची मानतात ते इल्मेनाइट (टायटॅनियमचं खनिज) बरंचसं खालीच राहतं.

म्हणून माझी अट अशी की आकडे खुले करा, पण सोबत प्रत्येक तालुक्यासाठी चार पानांचं मराठी टिपण द्या. नकाशात काय दिसतं, त्यावरून काय सांगता येत नाही, हे त्यात स्पष्ट हवं. त्याशिवाय सोडलेला नकाशा फसवणाऱ्याच्या हातातलं कोलीत आहे.

राजापूरची माहेरवाशीण

मला एकच विचारायचंय. पावसात इतकं पाणी पडतं आणि मे महिन्यात माझ्या आईच्या वाडीत टँकर येतो. या विमानाला पाणी दिसतं का? दिसत असेल तर मी सगळं खुलं करण्याच्या बाजूची.

कातळखूण

ताई, चुंबकीय मोजणीला पाणी दिसत नाही. डाइक आणि खडकातल्या भेगांचे पट्टे यांचा अंदाज येतो, आणि डाइक भूजल अडवतो किंवा वळवतो, त्यामुळे मदत होते ती आडून. पाण्यासाठी हेलिकॉप्टरखाली मोठं वेटोळं टांगून विद्युतचुंबकीय मोजणी करतात. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने राजस्थानच्या कोरड्या भागात ती २०२१ पासून केली आहे. कोकणासाठी ती मागायची असेल तर चुंबकीय डेटा आधी हातात असणं फायद्याचं. कुठे उडायचं ते ठरवता येतं.

किनारपट्टी

समुद्रावरच्या मोजणीबद्दल कोणीच बोलत नाहीये. हे तंत्र मोठं झालं ते दुसऱ्या महायुद्धात, पाणबुड्या शोधण्यासाठी. किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाची बारीक चुंबकीय पार्श्वभूमी ज्याच्याकडे आहे त्याला त्यातली नवी हालचाल ओळखणं सोपं जातं. मी नौदलाच्या गावात वाढलोय, हे मला अतिशयोक्त वाटत नाही. जमिनीवरचं द्या. समुद्रावरचं संरक्षण खात्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

सड्यावरचा

किनारपट्टी, समुद्रापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण त्याच कारणाने सड्यावरची मोजणीही अडवली जाते, त्याला माझी हरकत आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भूस्थानिक माहितीवरची बरीच बंधनं सैल केली. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारही सुरू झालं. दिशा ठरलेली आहे, आपण अंमलबजावणीबद्दल बोलतोय.

बागायतदार, तुमच्या ‘वर्षभर’वर मी येऊ शकत नाही. आकडे विमानातून उतरतात तेव्हाच ते कंत्राटदाराकडे, त्याच्या प्रक्रिया करणाऱ्यांकडे, दोन-तीन कार्यालयांत असतात. शून्य दिवशीच इतक्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट खातेदाराला बाराव्या महिन्यात कळणार, याला संरक्षण कसं म्हणायचं? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तेच होईल.

ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा टाकतो, सुधारणा सुचवा: ‘हवाई मोजणीच्या किमान ३० दिवस आधी ग्रामसभेत उद्देश, तारखा व उड्डाणाची उंची मराठीत सांगावी. मोजणीचे उड्डाणरेषांसह कच्चे आकडे, दुरुस्त्यांचा तपशील व तालुक्याचे मराठी टिपण एकाच दिवशी विनामूल्य प्रसिद्ध करावे.’

देवगडचा बागायतदार

मसुदा वाचला. कातळखूण यांचं टिपण त्यात घेतलंत ते चांगलं केलंत, आणि ३० दिवसही मला चालतील. वर्षभराचा आग्रह मी अजून सोडलेला नाही.

पण खुलेपणा एका बाजूचाच का? आमच्या जमिनीखालचं सगळ्यांना दिसणार असेल तर आमच्या जमिनीवर कोण घिरट्या घालतंय तेही दिसू दे. मोजणीची घोषणा झाल्यापासून आकडे प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत त्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावातली खरेदीखतं, साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्रं दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. घेणाऱ्याचं नाव, कंपनी असेल तर कंपनीचं, आणि क्षेत्र. दुय्यम निबंधकाकडे यातलं बरंचसं नोंदलेलं असतंच, नव्याने काही मोजायचं नाही.

हे वाक्य ठरावात घातलंत तर माझ्या वाडीतल्या सह्या मी आणतो. नाही घातलंत तर ग्रामसभेत उभा राहून विरोध करणार.