सकाळी स्टार्टला खडखड, एसी लावला की किरकिर, आणि एस्टिमेट ५५ हजारांचं

जुळे_सोलापूर:
गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१७ ची, ७८ हजार किलोमीटर झालेली. वॉरंटी कधीच संपली. रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी जाते (टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे हिशेब बघते), अधूनमधून बार्शी नाहीतर तुळजापूर. आत्तापर्यंत तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यापासून दोन आवाज सुरू झालेत. सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड होते, दोन-तीन सेकंदांत थांबते, मग दिवसभर परत येत नाही. दुसरा आवाज एसी लावल्यावर येतो, किरकिर. रेस दिली की वाढतो, एसी बंद केला की जवळजवळ जातो. दोन्ही बेल्टच्या बाजूनं.

सर्व्हिस सेंटरला, अधिकृतच, दुपारी गाडी नेली. म्हणजे एमआयडीसीपासून चालवत, इंजिन तापलेलं. अ‍ॅडव्हायजरनं बॉनेट उघडलं, ऐकलं, म्हणाला, "मॅडम, टायमिंग चेन गेली." (इंजिनातली साखळी, पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखते.) सकाळची खडखड त्यानं ऐकलेलीच नाही, कारण ती त्या वेळी होतच नव्हती. तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट: चेन किट १४,३००, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) असेंब्ली १७,९००, बेल्ट आणि पुली ३,६५०, ऑइल-कूलंट-सीलंट ५,२००, इंजिन फ्लश ८५०, डिकार्बनायझिंग २,४००. लेबर ९,८००, त्यावर १८ टक्के धरून ११,५६४. एकूण ५५,८६४. पार्ट्सवर जीएसटी १८ टक्क्यांनीच लावलाय. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी तोच २८ होता, त्यामुळे तेवढं मी आवर्जून तपासलं. बेरीजही बरोबर आहे. पण बेरीज बरोबर असणं म्हणजे खर्च बरोबर असणं नव्हे, हे मी पोटापाण्यासाठी रोज लोकांना सांगत असते.

अल्टरनेटर का, असं विचारलं तर "आवाज त्या साइडनं आहे ना मॅडम, नंतर परत खोलायला नको" हे उत्तर.

आमचे नान्ना (घरी तेलुगू, म्हणजे वडील) सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. आयुष्य मागाचे आवाज ऐकण्यात गेलं. त्यांनी अंगणात गाडी चालू करायला लावली आणि म्हणाले, हे दोन आवाज एका घरचे नाहीत, एकाच बिलात का घातलेत? गाडीतलं त्यांना काही कळत नाही, पण माझाही प्रश्न तोच आहे. यातलं नक्की काय करायचं? आणि आवाज न ऐकता काढलेल्या एस्टिमेटला नाही म्हटलं तर गाडी तशीच परत मागता येते का?

पार्क_चौक:
विकून टाका. आठ वर्षं झाली ना? गिऱ्हाईक दुपारी बोलवा, इंजिन गरम असताना 😀

जुळे_सोलापूर:
तेवढी हुशारी मलाही सुचली होती. पण घेणारा उद्या सकाळी स्टार्ट करणारच की.

वर्कशॉपवाले_काका:
ताई, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, आता घरी असतो. डिझेलची मोठी इंजिनं हाताखालून गेली, तुमच्यासारख्या लहान पेट्रोल गाड्या निवृत्तीनंतर बघायला लागलो. तुमच्या वडिलांचं बोलणं मला पटलं. आवाज दोन आहेत तर तपासण्याही दोन.

आधी सकाळची खडखड. चेन ताणून धरायला टेन्शनर असतो, तो बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर दाब चढेपर्यंत चेन ढिली राहून कव्हरला, गाईडला (चेनला धरून ठेवणारी पट्टी) लागते. क्षणभर वाजलं तर कित्येक इंजिनं वाजतात. दोन-तीन सेकंद वाजतं आणि ते नव्यानं सुरू झालंय, म्हणजे कुठंतरी दाब उशिरा पोचतोय किंवा टेन्शनर, चेन झिजलीय. अ‍ॅडव्हायजर अगदीच हवेत बोलला नाही. पण चेनच्या आधी स्वस्त गोष्ट बघायची असते: ऑइल फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये रबराचा एक व्हॉल्व्ह असतो, इंजिन बंद झाल्यावर तो ऑइल फिल्टरमध्ये अडवून धरतो. डुप्लिकेट फिल्टरमध्ये तो कडक होतो नाहीतर नीट बसतच नाही, मग सगळं ऑइल उतरून जातं आणि सकाळी खडखड. तुमची शेवटची सर्व्हिस कुठं झाली, फिल्टर कुठला बसवला? ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. ५डब्ल्यू-३० (पातळ) सांगितलं असेल तर "उन्हाळा कडक आहे म्हणून" २०डब्ल्यू-५० भरणारे आपल्याकडे भरपूर. जाड ऑइल थंड इंजिनात वर चढायलाच वेळ लावतं. डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडं थांबून बघा. लेव्हल कमी असली तरी हाच आवाज येतो, आणि ते बघायला पैसे पडत नाहीत.

थंड म्हणजे जानेवारीतली थंड नव्हे बरं का. मे महिन्यात ४३ डिग्रीतसुद्धा रात्रभर उभी राहिलेली गाडी कोल्ड स्टार्टच धरायची.

आता किरकिर. एसी लावला की बेल्टवर ओझं येतं. बेल्ट घसरत असेल तर किंवा पुलीचं बेअरिंग गेलं असेल तर ते तेव्हाच ओरडतं. इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बाटलीनं पाण्याचे चार थेंब सोडायचे, हात लांब ठेवून, ओढणी पदर बांधून. आवाज क्षणभर बदलला किंवा गेला तर बेल्ट नाहीतर त्याची लाइन. काहीच फरक नाही, मग बेअरिंगकडे बघायचं. लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोक पुलीच्या मधल्या बोल्टवर, मूठ कानाच्या हाडाला. ज्या पुलीचं बेअरिंग खराब ती थेट डोक्यात वाजते. हे तुम्ही स्वतः करू नका, सवयीच्या माणसाकडून करून घ्या, पंखा कधी लागेल सांगता येत नाही. सगळ्यात पक्की तपासणी म्हणजे बेल्ट काढून टाकायचा आणि इंजिन थोडाच वेळ चालवायचं. आवाज गेला तर तो इंजिनच्या आतला नाहीच. थोडाच वेळ म्हणतोय, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. बेल्ट निघालाच आहे तर एकेक पुली हातानं फिरवायची. चांगली गुळगुळीत फिरते, गेलेली खरखरते.

एक गंमत सांगतो. कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग गेलं असेल तर बहुधा उलटं होतं: एसी बंद असताना आवाज, लावला की कमी. तुमचं तसं नाही. त्यामुळे माझा संशय आयडलर (बेल्टला नुसती दिशा देणारी) किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी) पुलीवर.

अल्टरनेटरसाठी मल्टीमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर तो चार्ज करतोय. राहिलं त्याचं बेअरिंग, तेही वेगळं बदलून मिळतं. आपल्याकडं ऑटो इलेक्ट्रिशियन असताना १७,९०० ची असेंब्ली आवाजावरून बदलणं मला तरी पटत नाही. फ्लश आणि डिकार्बनायझिंगचा या आवाजांशी संबंध शून्य.

बार्शीकर:
काकांचं सगळं खरं, पण ताई, चेनला लै हलक्यात घेऊ नका. माझ्या मित्राची अशीच खडखड होती. "थांबते की आपोआप" म्हणत वापरली आणि मोहोळच्या पुढं हायवेवर चेन दात सोडून बसली. पिस्टन व्हॉल्व्हला लागले, व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवलं. बिल एस्टिमेटच्या दीडपट, वर टोइंग. सर्व्हिसवाल्यांनी चेन सांगितली म्हणजे प्रत्येक वेळी लुबाडतातच असं नाय.

होटगी_रोड:
मी आधी एका सर्व्हिस सेंटरला अ‍ॅडव्हायजर होतो (तुमचं नाही, गावही वेगळं), म्हणून दुसरी बाजू सांगतो. अ‍ॅडव्हायजर बहुतेक वेळा मेकॅनिक नसतो. त्याच्याकडे सकाळपासून गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीमागे सरासरी बिल किती झालं त्यावर महिन्याची बैठक. फ्लश, डिकार्ब, एसीची फवारणी या ओळी तो झोपेतसुद्धा टाकतो. त्या खोडल्या तर कुणी भांडत नाही, खोडणारे कमी असतात इतकंच.

एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे. तुम्ही संमती दिल्याशिवाय काम करता येत नाही, गाडी परत मागायचा तुमचा पूर्ण हक्क आहे. फार तर तपासणीचे पैसे लागतील, तेही आधी सांगितले असतील तर. आता असं करा: त्यांनाच म्हणा, गाडी रात्री तुमच्याकडे ठेवते, सकाळी मी आल्याशिवाय चावी लावायची नाही. फ्लोअरवरचा सीनियर टेक्निशियन समोर हवा, अ‍ॅडव्हायजर नको. जॉब कार्डवर "इंजिन नॉइज" एवढंच लिहू देऊ नका, "रात्रभर उभी असताना पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड" असं पूर्ण लिहायला लावा. त्याच वेळी स्कॅनर लावून पी००१६ सारखा कॅम-क्रँकचा (वरचा आणि खालचा शाफ्ट मेळात नसल्याचा) कोड आहे का विचारा. चेन फार ताणली की बहुधा तो येतो. कोड नाही म्हणजे चेन ठणठणीत, असं मात्र धरू नका. आणि जे काही बदलतील त्याचा जुना पार्ट परत मागा, जॉब कार्डवरच लिहून.

बाहेरच्या गॅरेजची भीती तुमच्या बाबतीत नको, वॉरंटी संपलेली आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेर मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. आता ओरिजिनल पार्ट काउंटरवर पुष्कळ मिळतात, पार्ट नंबर एस्टिमेटमध्ये छापलेला असतो. गाडी अडवून धरली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण तिथवर जात नाही सहसा.

जुळे_सोलापूर:
सगळ्यांचे आभार. जे झालं ते लिहिते.

गाडी रात्री सर्व्हिस सेंटरला ठेवली. गड्ड्यामुळे (सिद्धेश्वराची यात्रा) मंदिराकडचे रस्ते बंद, सकाळी होटगी रोडवरून वळसा घालून पोचले. नान्ना सोबत, हट्टानं. सीनियर टेक्निशियन तरुण मुलगा होता, तेलुगू बोलणारा निघाला, मग काय, मला मध्ये बोलायलाच मिळालं नाही. स्टार्ट मारल्याबरोबर खडखड झाली. त्यानं ऐकलं आणि सरळ सांगितलं की चेनचा आवाज आहे, पण अल्टरनेटर कुणी लिहिला? व्होल्ट १४.१ आले. स्कॅनरवर कोड नाही. बेल्ट काढल्यावर किरकिर गेली, आणि आयडलर पुली नान्नांच्या हातात देऊन त्यानं फिरवायला सांगितली. खरखर माझ्यापर्यंत ऐकू आली. अल्टरनेटर हातानं फिरवला, गुळगुळीत.

बेल्ट आणि पुली तिथंच बदलली, लेबरसकट ४,३००. जुनी पुली पिशवीत आणली. किरकिर पूर्ण बंद.

फिल्टरचं काकांनी विचारलं होतं. शेवटची सर्व्हिस बाहेर झाली होती, फिल्टरवर कंपनीचं नाव छापलेलं पण छपाईच पुसट. तो टेक्निशियन बघून हसला. ओरिजिनल फिल्टर आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल घातलं. आता सकाळी खडखड होते, पण जेमतेम सेकंदभर. कधी होतही नाही.

आणि इथं मी अडकले. टेक्निशियन म्हणतो, अजून काही दिवस ऐका. बार्शीकरांचं वाचून झोप लागत नाही. चेन किट १४,३०० आणि तिथलं लेबर. बाहेर एक जण ओरिजिनल किट बसवायचे ५,५०० सांगतोय. आत्ता करू की थांबू?

वर्कशॉपवाले_काका:
बाहेरचं लेबर ठीक आहे, पण टायमिंग लॉक करायची हत्यारं त्याच्याकडं त्याच इंजिनची आहेत का, हे आधी विचारा. "अंदाजानं खूण मारून बसवतो" म्हणाला तर तिथून निघा.

थांबायचं की नाही, हे ऐकून ठरवता येत नाही, बघून ठरवता येतं. टॅपेट कव्हर (इंजिनवरचं झाकण) उघडलं की वरून चेन आणि गाईड दिसतात. गाईडवर चेननं खोल घळ पाडली असेल किंवा चेन बोटानं दाबल्यावर नको इतकी दबत असेल तर लगेच किट. कव्हरचं पॅकिंग नवं लागेल, खर्च हजार-दीड हजाराच्या आसपास. काही इंजिनांत टेन्शनर बाहेरून काढता येतो, तुमच्यात तसा असेल तर तो किती बाहेर आलाय यावरून चेन किती ताणलीय ते कळतं. त्या तेलुगू बोलणाऱ्या मुलाकडूनच उघडून घ्या, त्याला ऐकता येतं. तोवर सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस देऊ नका, अर्धा मिनिट तशीच राहू द्या. सेकंदभराचा आवाज परत तीन सेकंदांवर गेला, किंवा गरम इंजिनात यायला लागला, तर बार्शीला नेऊ नका, सरळ कामाला टाका.

बार्शीकर:
ताई, झोप उडवायची नव्हती ओ. मित्रानं वर्षभर तशीच हाणली होती, ते लिहायचं राहिलं.

जुळे_सोलापूर:
ते आधी लिहायचं होतंत की! बरं, शनिवारी कव्हर उघडायला देते. काका, गाईडचा फोटो इथं टाकला तर सांगाल का?

वर्कशॉपवाले_काका:
टाका. फ्लॅश मारून, बाजूला पट्टी ठेवून काढा. नुसत्या फोटोत घळीची खोली कळत नाही.