साक्षरता वर्गातील महिलांसाठी मोफत अ‍ॅप कोणते आणि कसे वापरावे?

सायंवर्ग (पुणे)

नमस्कार. आमच्या वस्तीतील समाजमंदिरात मी आणि माझी एक मैत्रीण गेल्या दिवाळीपासून रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळेत महिलांचा साक्षरता वर्ग घेतो. पटावर चौदा जणी आहेत, रोज येतात आठ-नऊ. बहुतेक जणी धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करतात, दोघी भाजी विकतात. पाच जणींना मुळीच वाचता येत नाही, चार जणी दुसरी-तिसरीपर्यंत शिकून सगळे विसरल्या आहेत, आणि उरलेल्या पाच जणी अडखळत का होईना मराठी वाचतात. त्यांना आता इंग्रजी हवे आहे.

अडचण अशी की आठवड्यातून चार तास मिळतात आणि घरी वही उघडायला कोणालाही सवड नसते. फोन मात्र नऊ जणींकडे स्वतःचा आहे. म्हणून मोफत अ‍ॅप वापरून पाहावे असे ठरवले. पहिला अनुभव वाईट आला. अक्षरओळखीच्या एका अ‍ॅपमध्ये दर दोन अक्षरांनंतर पडदाभर जाहिरात येत असे. ती बंद करण्याची फुली इतकी बारीक होती की आमच्या एका मावशींनी जाहिरातच दाबली आणि फोनमध्ये पत्त्यांचा खेळ येऊन बसला. मुलगा रागावला आणि मावशी चार दिवस वर्गाला आल्या नाहीत. दुसऱ्या एका अ‍ॅपने सात दिवसांनंतर पैसे मागितले.

त्यानंतर गूगलचे रीड अलाँग घेतले. त्यात जाहिराती नाहीत, गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही, आणि शब्द अडला तर त्यावर बोट ठेवताच तो ऐकू येतो. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तमच आहे. पण त्यातील गोष्टी लहान मुलांच्या, बक्षीस म्हणून मिळणाऱ्या चांदण्याही मुलांच्या. बावन्न वर्षांच्या एका काकूंनी दोन पाने वाचून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाई, हे नातवाला द्या. मला बसची पाटी वाचायचीये."

प्रौढांना खरोखर उपयोगी पडेल असे मोफत साधन कोणी वापरले आहे का? तसेच मराठी वाचन कच्चे असताना इंग्रजी सुरू करावे का?

---

पाटीपेन्सिल (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

आपल्या काकूंचे म्हणणे लिहून ठेवण्यासारखे आहे. आमच्या जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हापासून प्रौढांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला हाच धडा पुन्हा पुन्हा मिळत आला आहे. प्रौढ माणूस अक्षरे शिकायला येत नाही, त्याचे कुठले तरी एक काम अक्षरावाचून अडलेले असते म्हणून तो येतो.

अ‍ॅप निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात असे मी सुचवीन. पहिली अक्षरांच्या क्रमाची. बहुतेक अ‍ॅप 'अ आ इ ई' पासून सुरुवात करतात. हा क्रम उच्चारशास्त्राला शोभतो, पण 'आई'सारखा एखादा शब्द सोडला, तर बारा स्वर आणि पुढची बरीच व्यंजने होईपर्यंत शिकणाऱ्याला अर्थपूर्ण शब्द फारसे वाचता येत नाहीत. आपली जुनी 'ग म भ न' ही रीत यापेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे. ही चार अक्षरे वळणाने एकमेकांच्या जवळची आहेत आणि तेवढ्यातच मन, मग, नग, नभ, नमन, गगन असे शब्द तयार होतात. पहिल्याच संध्याकाळी शब्द वाचता आला की माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. अ‍ॅपमध्ये क्रम बदलण्याची सोय नसेल, तर ते अ‍ॅप केवळ उजळणीसाठी ठेवावे.

दुसरी अक्षरांच्या रूपांची. अनेक अ‍ॅप मुळात हिंदीसाठी तयार झालेली असतात, त्यामुळे त्यांतील 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. मराठीचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही स्पष्ट केलेले आहेत. आपल्याला दोन्ही रूपे सहज वाचता येतात. पण जिने आयुष्यात पहिल्यांदा 'ल' शिकला, तिच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षरे असतात. 'ळ' तर काही ठिकाणी सापडतच नाही, आणि 'ळ' शिवाय बाळ, केळी, डाळ कशी लिहायची?

तिसरी आकड्यांची. आपल्या वर्गातील महिलांना इंग्रजी आकडे बहुधा येत असतील, कारण फोन लावणे आणि नोटा ओळखणे त्यांना रोजचेच आहे. अडचण देवनागरी आकड्यांची असते. आपला १ आणि इंग्रजी नऊ यांत गफलत करणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि बसच्या पाटीवर नेमकी तीच गफलत महागात पडते.

---

कळफलक

मी संगणक क्षेत्रात काम करतो आणि दर शनिवारी एका वर्गाला मदत करतो. माझे मत थोडे वेगळे आहे: साक्षरतेचे अ‍ॅप शोधण्यापेक्षा फोनमध्ये आधीच असलेल्या साधनांकडे पाहावे. गूगलच्या कळफलकात मराठी भाषा जोडली की माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलता येते आणि बोललेले वाक्य अक्षरांत उमटते. आमच्या वर्गात सध्या याच एका सोयीवर सर्वाधिक वेळ जातो.

पद्धत अशी आहे. बाईंनी स्वतःच्या मनातील एक वाक्य बोलायचे, उदाहरणार्थ "आज पाणी उशिरा आलं". ते पडद्यावर उमटले की स्वतःला संदेश म्हणून पाठवायचे आणि बोट फिरवत वाचायचे. वाक्य तिचेच असल्यामुळे अर्थ आधीच ठाऊक असतो. शोधायचे असते ते कोणता शब्द कुठे आहे एवढेच. त्यानंतर ते वाक्य वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी वहीतून वाचायचे. महिनाभरात प्रत्येकीचे वीस-पंचवीस वाक्यांचे स्वतःचे पुस्तक तयार होते, आणि त्यात ससा-कासव कुठेही नसतात.

यात एक खोट आहे, तीही सांगतो. हे यंत्र प्रमाण मराठी लिहिते. 'पानी' म्हटले तरी बहुधा 'पाणी' उमटते, तेव्हा "मी असं कुठं बोलले?" असा प्रश्न येतो. अशा वेळी बोलणे चुकीचे नाही, लिहिताना असे लिहिण्याची रीत आहे, हे शांतपणे सांगावे लागते. याच कारणाने, वाचून दाखवताना उच्चारावर गुण देणाऱ्या अ‍ॅपपासून मी नवशिक्यांना दूर ठेवतो. वाचता येणे आणि पुणेरी उच्चार येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच कळफलकात बोटाने लिहिण्याचीही सोय आहे. पेन्सिल इतकी घट्ट धरणाऱ्या, की टोक मोडते, अशा हातांना ती मानवते. मात्र भांडी घासून बोटांची टोके फुटलेली असतील किंवा हात ओले असतील, तर पडदा बोट नीट ओळखत नाही. आमच्याकडे म्हणून वर्गाच्या दारात एक जुना टॉवेल टांगलेला असतो.

जाहिरातींबद्दल: प्ले स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपच्या नावाखाली जाहिराती आहेत का आणि अ‍ॅपमध्ये खरेदी आहे का, हे लिहिलेले असते. तेवढे पाहिल्याशिवाय काहीही उतरवू नये. इंटरनेटविना चालणारे अ‍ॅप फोन विमान मोडवर टाकून वापरले की जाहिरातींचा त्रास जवळजवळ संपतो. आणखी एक गोष्ट: सगळ्या फोनची भाषा उत्साहाने मराठी करू नका. त्यांनी चिन्हे आणि जागा पाठ केलेल्या असतात. एका रात्रीत सगळे शब्द बदलले की येत होते तेही येईनासे होते. अक्षरांचा आकार मात्र पहिल्याच दिवशी वाढवून द्यावा, कारण निम्म्या जणींची अडचण निरक्षरतेइतकीच चाळिशीचीही असते.

---

रात्रपाळी (ठाणे)

इंग्रजीच्या प्रश्नाविषयी लिहितो. आमच्या भागात सुरक्षारक्षक आणि रिक्षाचालक यांच्यासाठी आम्ही दुपारी वर्ग घेतो. मराठी वाचन सराईत नसताना इंग्रजी घेऊ नये, असे आम्हीही आधी मानत होतो. पण ज्याला फाटकावरच्या नोंदवहीत गाडीचा क्रमांक आणि पाहुण्याचे नाव इंग्रजीत लिहायचे आहे, त्याला आम्ही वर्षभर थांब असे सांगू शकलो नाही.

आता आम्ही जिभेवर असलेल्या इंग्रजीपासून सुरुवात करतो. गॅस, बिल, लिफ्ट, पार्किंग, एटीएम, ओटीपी, चार्जर, मीटर, सिग्नल हे शब्द बोलता येत नाहीत असा माणूस आमच्या वर्गात अजून आलेला नाही. प्रत्येकाकडे असे शंभरेक शब्द सहज निघतात. ते शब्द जिथे लिहिलेले असतात त्या पाटीचा, बिलाचा किंवा खोक्याचा फोटो त्यांनी फोनवर काढून आणायचा आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा, एवढाच गृहपाठ. पुढे एक जण ध्वनिसंदेशात तो शब्द बोलून दाखवतो. यासाठी निराळे अ‍ॅप लागत नाही.

नामांकित अ‍ॅपही आम्ही पाहिली. ड्युओलिंगोमध्ये हिंदीतून इंग्रजी शिकता येते. ज्यांचे हिंदी चांगले आहे अशा आमच्या दोन रिक्षाचालकांना ते आवडले. पण सूचना हिंदीत वाचाव्या लागतात, म्हणजे ज्याला मराठीच वाचता येत नाही त्याला तिथे प्रवेशच नाही. शिवाय त्यातील वाक्ये रिक्षाच्या किंवा फाटकाच्या कामाची क्वचितच असतात. देवनागरी वाचणाऱ्याला इंग्रजीत सर्वांत विचित्र काय वाटते, तर एका अक्षराचा एकच आवाज नसणे. दुकानाच्या काचेच्या दारावरचे 'पुश' वाचून झाल्यावर एकाने त्याच चालीने 'कट' हा शब्द 'कुट' असा वाचला आणि विचारले, "मग हे ठरवतं कोण?" त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही, आणि कोणत्याही अ‍ॅपने ते दिलेले नाही.

गूगल लेन्सचा मी खंदा पुरस्कर्ता आहे. औषधाच्या खोक्यावर कॅमेरा धरला की मजकूर मराठीत दिसतो आणि ऐकूही येतो. साठीच्या माणसाला औषधाची मुदत संपली आहे की नाही हे आज कळायला हवे, तो वाचायला शिकेपर्यंत थांबून चालणार नाही.

---

पाटीपेन्सिल (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

औषधापुरते मान्य आहे. मात्र वर्गात लेन्स उघडू देऊ नये, असे माझे मत कायम आहे. सगळेच यंत्र वाचून दाखवू लागले तर शिकणाऱ्याला अक्षराशी झटण्याचे कारणच उरत नाही. आपल्या महिलांपैकी कोणी उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीला बसणार असतील, तर तिथे कागद आणि पेनच असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण. त्या कार्यक्रमाचे स्वतःचे अ‍ॅपही २०२३ पासून आहे; निदान नोंदणीसाठी ते पाहून ठेवावे.

---

रात्रपाळी (ठाणे)

सर, यंत्राने वाचून दाखवले म्हणून माणूस आळशी झाला असे मी तरी पाहिलेले नाही. उलट यंत्राने चुकीचे वाचले की आमची मंडळी खूश होऊन ते मूळ अक्षरांशी ताडून पाहतात. पण वर्गाच्या एका तासात ते बंद ठेवावे, हे मला पटते.

---

सायंवर्ग (पुणे)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

अक्षरओळखीची दोन्ही अ‍ॅप काढून टाकली आणि 'ग म भ न' फळ्यावरच घेतले. रीड अलाँग चौघींनी ठेवले आहे, पण तो वेगळाच प्रकार झाला आहे: त्या घरी नातवंडांना शेजारी बसवून वाचतात, म्हणजे गोष्ट मुलांची असल्याचा संकोच आपोआप मिटतो. इंग्रजीच्या गटाने पाट्यांचे एकतीस फोटो आणले, त्यांतील सात एकाच बेकरीचे आहेत.

बोलून लिहिण्याचा प्रयोग सर्वांना आवडला. ज्या काकूंनी फोन परत केला होता, त्यांनी परवा वर्गातूनच मुलाला संदेश पाठवायचा ठरवला. माइकमध्ये त्या "उशीर होईल, भात लाव" असे बोलल्या. पाठवण्यापूर्वी त्यांनी नेहमीप्रमाणे बोट फिरवले, आणि तिसऱ्या शब्दापाशी थांबून म्हणाल्या, "हे 'भात' नाही. ह्यानं 'भाग' लिहिलंय." मी चष्मा लावून पाहिले, तर खरेच 'ग' होता. तो बोटाने पुसून 'त' कसा काढायचा, हे मात्र आम्हा दोघींनाही पाच मिनिटे जमले नाही, आणि तोपर्यंत मुलाचाच फोन आला. कळफलक यांनी केवळ एक अक्षर दुरुस्त करण्याची सोपी रीत सांगितली तर बरे होईल.