आईचं करता करता मीच खचून राहिली, कोणाशी बोलू?

मानेवाडा_ताई: आईचा कॅन्सर शेवटच्या स्टेजला, डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्या लागते, झोप होऊनच नाही राहिली, कधी मनात येतं सुटावी बिचारी, मग स्वतःचीच लाज वाटते.

धरमपेठकर: लाज कसली ताई, हाल पाहवत नाहीत म्हणून येतं ते. माणूस जायच्या आधीच दुःख सुरू होतं. १४४१६ लावा, सरकारी टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात.

संत्रावाला: "काही लागलं तर सांगा" म्हणणारे लय भेटतात बाप्पा, त्यांना सरळ डबा नाहीतर एक रात्र वाटून द्या. पॅलिएटिव्ह केअरवाल्यांनाही (मोठ्या आजारात पेशंटचा त्रास कमी करणारे) विचारा, ते घरच्यांशीही बोलतात.

मानेवाडा_ताई: भाऊ पुण्याला आहे, आजच फोन करते त्याला.