स्पेक मियाटा: समोरच्याचं इंजिन खोलायला लावावं का?

मागचा_बंपर

राम राम मंडळी. मी मिशिगनला असतो, एससीसीए या इथल्या हौशी रेसिंग क्लबच्या रिजनल रेसमध्ये स्पेक मियाटा पळवतो, म्हणजे सगळ्यांच्या माझदा मियाटा नियमाने जवळपास सारख्याच ठेवायचा क्लास. गाडी १९९२ची, १.६ लिटर. आमच्यातलाच एक जण आहे, त्याचीही १.६च. मिड-ओहायो ट्रॅकवर कीहोल नावाच्या वळणातून बाहेर पडलं की मागच्या सरळ पट्ट्यावर तो दोन गाड्यांचं अंतर सहज काढतो. मी त्याच्या मागच्या हवेत असलो तरी सापडत नाही. पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करतो तिथे) सगळे कुजबुजतात, 'त्याचं हेड, इंजिनचा वरचा भाग, बघायला पाहिजे.' लिहून द्यायला मात्र कुणी तयार नाही. प्रोटेस्ट, म्हणजे लेखी तक्रार, करायचा तर बॉन्ड, म्हणजे अनामत, भरावा लागतो आणि हेड काढायचं म्हटलं की तो दीड हजार डॉलरच्या घरात जाईल असं ऐकतोय. आम्ही पाच जण मिळून एकच अर्ज दिला तर चालेल का? आणि हो, हाच माणूस मला जॅक उसना देतो.

दहाचा_पाना

ओहायोत टेक शेडमध्ये, म्हणजे गाड्या तपासतात तिथे, फुकट राबणाऱ्यांपैकी मी एक. वयाने मोठा असणार, म्हणून अरेतुरे करतो.

आधी पैशाचं. बॉन्ड म्हणजे दंड नव्हे. उघडणं, मोजणं, पुन्हा जोडणं यांचा अंदाज काढून स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, तो ठरवतात. इंजिन नियमात निघालं तर ती रक्कम त्याला जाते, त्याचं गास्केट फुकट गेलं म्हणून. नियमाबाहेर निघालं तर तुझे पैसे परत, आणि खर्च त्याच्या गळ्यात. उघडू देणार नाही म्हणाला तरी सुटत नाही, त्यालाही शिक्षा आहे.

आता खरी गोम. 'इंजिन संशयास्पद आहे' असं लिहून आलेल्या कागदाला आमच्याकडे काडीची किंमत नाही. कोणता भाग, कोणतं कलम, हे तुला लिहावं लागतं आणि बॉन्ड त्यावरच ठरतो. कॅमची लिफ्ट, म्हणजे कॅम व्हॉल्व्ह किती उचलतो ते, बघायची तर व्हॉल्व्ह कव्हर काढून डायल गेज लावलं की झालं, अंधार पडायच्या आत सगळे घरी. कॉम्प्रेशनसाठी व्हिसलर आहे: स्पार्क प्लगच्या भोकाला लावायचा, पिस्टन वर आणायचा, आवाजाच्या लहरींवरून तो ज्वलनकक्षाचं घनफळ सांगतो. हेडला हात लावायची गरज नाही. पोर्ट, म्हणजे हेडमधले हवा आत-बाहेर जायचे मार्ग, बघायचे असतील तर मात्र हेड उतरवण्यावाचून इलाज नाही, आणि तुझे दीड हजार तिथे जातात.

पोर्टचा संशय हवेतला नसतो, हेही सांगतो. २०१४ला लगुना सेका ट्रॅकवरच्या रनऑफ्समध्ये, म्हणजे एससीसीएच्या राष्ट्रीय स्पर्धेत, स्पेक मियाटाच्या पुढच्या गाड्यांची हेड्स तपासणीत बाद झाली. व्हॉल्व्ह सीटच्या खाली मशीनने काप घ्यायला परवानगी होती. त्या कापाची धारदार कड पोर्टच्या आतल्या वळणाशी उरते, ती हाताने गुळगुळीत केलेली सापडली. बांधणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही फक्त बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कड, काढला. नियमपुस्तकाचा बाणा असा की जे करा म्हटलेलं नाही ते करायचं नाही. नंतर त्या भागाचे नियमच बदलावे लागले. माझ्या मते दोन्ही बाजू पुरत्या खोट्या नव्हत्या, पण राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल शर्यत संपल्यावर टेबलावर ठरला, ते काही बरं दिसलं नाही.

आणि एक: इंजिन आम्ही खोलत नाही. त्याचाच मेकॅनिक खोलतो, आम्ही शेजारी उभे राहून मोजतो. म्हणजे रविवारी संध्याकाळी सहाला, घरी जायला चार तासांचा रस्ता असताना, तो तुझ्याकडे बघत एकेक बोल्ट काढणार आहे. ते झेपणार असेल तरच लिही.

बोअरिंगवाला_कोल्हापूर

भावा, आमचं इंजिन मशीनिंगचं वर्कशॉप आहे. रेसिंग टीव्हीवरच बघतो, पण हिशोब करून दाखवतो. १.६ला बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३.६ मिमी, म्हणजे एका सिलिंडरला साधारण ४०० सीसी. कॉम्प्रेशन ९.४ला कक्षात ४७.६ सीसी राहतात. हेडला पाव मिलिमीटर फेसिंग मारलं, म्हणजे तेवढं घासलं, तर जास्तीत जास्त १.२ सीसी जातात आणि रेशो ९.६ होतो. एवढ्याशानं दोन गाड्यांचं अंतर पडंल असं मला वाटत नाही. कॅम नाहीतर पोर्ट बघा.

आणि बोअर मोजणार असाल तर इंजिन थंड होऊ द्या की! ब्लॉक बिडाचा. साठ डिग्री जादा गरम असला तर ७८चा बोअर ०.०५ मिमी मोठा दिसणार. त्यावरनं एखाद्याला चोर ठरवू नका.

झेंडा_आणि_शिट्टी

मी चेन्नईच्या ट्रॅकवर स्क्रुटिनीला (गाड्यांच्या तपासणीला) असतो. आपल्याकडची मोटर स्पोर्ट संघटना एफएमएससीआय ही एफआयए या जागतिक संघटनेची क्रीडा संहिता पाळते. त्यात सामूहिक प्रोटेस्ट चालतच नाही. एका स्पर्धकाने आपल्या सहीने, फी भरून, लेखी द्यायचा. तात्पुरता निकाल लागल्यापासून तीस मिनिटांत. दोघांविरुद्ध तक्रार असेल तर दोन अर्ज. एससीसीएचं पुस्तक वेगळं आहे, तिकडची वेळ तुम्हीच बघून ठेवा. पण पाच जणांचा गट कुठल्याच स्टुअर्डला आवडणार नाही.

मागचा_बंपर

सगळ्यांचे आभार. फक्त कॅम मागितला तर? आणि बॉन्ड न भरता काही मार्ग?

दहाचा_पाना

पाच जणांनी पैसे गोळा करा की, सही एकाचीच असू दे. कॅम चांगली निवड आहे. अर्जात लिफ्ट किती असायला हवी तो आकडा आणि कलम, दोन्ही घाल.

त्याआधी एक फुकटचं कर. दोघांचे डेटा लॉगर असतील तर कीहोलच्या शेवटी कोण किती वेगाने निघतो ते जुळव. त्याला 'जॅकबरोबर डेटापण दे' म्हटलंस तर देईलही. तो बाहेर पडतानाच ताशी दोन मैल जास्त घेऊन येत असेल, तर ते इंजिन नव्हे. दोघे एकाच वेगाने निघून तो पुढे सरकत असेल तर कागद घे.

बॉन्डशिवायचा मार्ग म्हणजे अधिकाऱ्यांनी स्वतःहून तपासणं. तो अधिकार त्यांना आहे. शनिवारी सकाळी चीफ ऑफ टेकला भेट, नाव न घेता 'या क्लासचे कॅम बरेच दिवस कुणी बघितलेले नाहीत' एवढंच बोल. पहिल्या तिघांना शेडमध्ये बोलावलं तर कुणावर रोख दिसत नाही. मात्र त्या तिघांत तूही असशील, तुझं व्हॉल्व्ह कव्हर निघेल, तेव्हा बोल्ट आधी सैल करून बघ, गंजून अडकलेले असतात.

मिड-ओहायोची पुढची तारीख कोणती? त्या दिवशी मी कामावर असलो तर तुझा कागद दुसऱ्याकडे देईन, इथे एवढं बोलून झालंय.