सायकॉलॉजी आणि मराठी साहित्य असा एकत्र प्रोजेक्ट गाईड करायचाय, कुठून सुरू करू?

डिचोली_मराठी
नमस्कार मंडळी. डिग्री कॉलेजात मराठी शिकवते, कॉलेजचं नाव राहूदे. यंदा पाच जणांचा एक ग्रुप माझ्याकडे आलाय, मेजर सायकॉलॉजी आणि मायनर मराठी, त्यामुळे गाईड दोन, एक मी आणि एक सायकॉलॉजीच्या मॅडम. पोरं हुशार आहेत पण विषय काय आणलेत बघा. एकीला एका कादंबरीच्या नायिकेला बायपोलर आहे हे "सिद्ध" करायचंय. दोघांना वाचनाने एम्पथी वाढते हे दाखवायचंय. उरलेल्या दोघांचा विषय "साहित्य आणि मानवी मन", बस एवढाच, जगात बाहेर काही शिल्लकच ठेवलं नाही. मॅडम विचारतात डेटा कुठाय, मी विचारते संहिता कुठाय, आणि पोरं दोघींच्या तोंडाकडे बघत बसतात. व्हायवा मार्चमध्ये. चवथ झाली, आता इफ्फी, मग जत्रा, नाताळ, कार्निव्हल, म्हणजे हातात खरे दिवस किती ते तुम्हीच सांगा. गूगल फॉर्म फिरवला तर चालेल का?

पणजीकर_सायको
मॅडम, मी तुमच्या त्या "डेटा कुठाय"वाल्या जमातीतली 😄

पहिलं बायपोलरचं. त्याहून साधं डिप्रेशनचं निदान उदाहरणाला घ्या, डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) नऊपैकी निदान पाच लक्षणं आणि ती सलग दोन आठवडे असावी लागतात. कादंबरीत नायिका प्रकरण चारमध्ये रडते आणि पाचव्यात सहा महिने उलटलेले असतात, मधे तिला झोप लागत होती का, जेवत होती का हे लेखकाने सांगितलेलं नसतं आणि सांगायला तो बांधीलही नाही. पेशंटला परत बोलावून विचारता येतं, हिला कुठल्या ओपीडीत बोलावणार? त्यामुळे "सिद्ध" हा शब्द आधी काढा. त्यापेक्षा त्या मुलीला विचारा की हे वाचताना तुला बायपोलर का वाटलं, कुठल्या वाक्याला वाटलं. तिथे प्रोजेक्ट आहे.

एम्पथीचं जरा जपून. हा विषय दरवर्षी येतो कारण 2013 साली 'सायन्स' मासिकात किड आणि कास्टानो यांचा पेपर आला होता, साहित्यिक कथा थोडा वेळ वाचलेल्यांना दुसऱ्याच्या भावना जास्त चांगल्या ओळखता आल्या म्हणून. ती चाचणी म्हणजे डोळ्यांचे 36 फोटो बघून भावना ओळखायची. पेपर गाजला, पेपरवाल्यांनीही उचलला. पण 2018 मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स'मधले 21 प्रयोग मोठ्या सॅम्पलवर परत करून बघितले तेव्हा हा निकाल टिकला नाही. पोरांना फक्त पहिली बातमी माहीत असते. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचायला लावा, लिटरेचर रिव्ह्यू कशाला म्हणतात ते तिथेच कळेल.

गूगल फॉर्म: नको. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार, चाळीस उत्तरं येणार, त्यातली निम्मी मावसभावंडांची.

निवृत्त_मास्तर
पणजीकरबाईंशी अर्धा सहमत. पात्राचं मन वाचणं हे काही पोरांचं खूळ नव्हे, खुद्द फ्रॉइडने 1907 साली येन्सनच्या 'ग्राडिव्हा' या लघुकादंबरीतल्या नायकाची स्वप्नं आणि भ्रम उलगडून दाखवले, तेही पात्र कागदावरचं आहे हे पूर्ण ठाऊक असताना. समीक्षेत ही वाट जुनी आहे. फक्त पोरीने तिला "अर्थनिर्णयन" म्हणावं, "निदान" म्हणू नये, आणि प्रत्येक विधानाखाली पान क्रमांक द्यावा. बायपोलर शब्द न वापरता त्या नायिकेबद्दल चार पानं लिही म्हणावं. लिहिता आली तर तिने कादंबरी वाचली आहे.

दुसरं, आपल्या गोव्याचा विषय पोरांना सुचत का नाही हो? पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, पोरं त्याच्या पायाशी सेल्फी काढतात. कांदोळीला 1756 साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये बसून सांगत होता की संमोहनात चुंबकशक्ती वगैरे काही नसते, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं. 1819 साली पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे अलेक्झांडर द्युमाने 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'त त्याच नावाचा पाद्री घातला, पण तो केला इटालियन, आणि संमोहक नव्हे तर तुरुंगातला विद्वान. माणसाचं पात्र होताना काय काय गळतं, यावर अख्खा प्रोजेक्ट होतो, सायकॉलॉजीही आली आणि साहित्यही. पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायला लावा, एसी आहे, तेवढ्यासाठी तरी जातील.

टीवाय_झालेली
सर मस्त विषय 🙌 मी गेल्या वर्षी असाच प्रोजेक्ट केला म्हणून स्टुडंट साईडने लिहिते. आमचे गाईड (नाव नको) फाईल पाठवली की दोन दिवसांनी "ओके" एवढाच रिप्लाय द्यायचे आणि शेवटच्या आठवड्यात सांगितलं की विषय फार मोठा आहे. त्यामुळे मॅडम प्लीज मोठा आहे हे आत्ताच सांगा, राग येईल पण चालेल. आणि अजून एक, सगळेजण रेफरन्सेस एआयकडून काढतात आणि त्यातले काही पेपर अस्तित्वातच नसतात, तर मीटिंगला पेपरची प्रिंट आणि त्यावर पेन्सिलच्या खुणा आणायला सांगा, खुणा नसतील तर वाचलेला नाही 😅

डिचोली_मराठी
पेन्सिलची आयडिया उद्यापासून लागू. सर, फारिया "साहित्य आणि मन"वाल्या दोघांच्या गळ्यात बांधते. बायपोलरवाली चार पानं लिहायला तयार झाली, जरा फुगूनच. पण एम्पथीवाले दोघे प्रयोगच पाहिजे म्हणून अडून बसलेत, आता म्हणतात वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या मुलांना पीएचक्यू-9 (डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) देतो आणि डिप्रेशन कुणाला जास्त ते बघतो. मॅडम नेमक्या रजेवर. देऊ का?

पणजीकर_सायको
नका देऊ! त्यातला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. उद्या वर्गातल्याच कुणी तिथे "जवळजवळ रोज" असं टिक केलं तर तो कागद या दोन पोरांच्या दप्तरात पडून राहणार का? पुढे काय करायचं, कौन्सेलर कोण, कधी भेटेल हे ठरलेलं नसेल तर असलं काही हातात घ्यायचंच नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर फॉर्मखाली छापला की जबाबदारी संपली असं होत नाही.

प्रयोगच हवा तर हा करू दे. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाने केंब्रिजच्या मुलांना कवींची नावं झाकून कविता दिल्या आणि त्यांनी काय काय लिहिलं त्यावर 1929 साली पुस्तक काढलं. तेच जरा फिरवून करायचं. बाकीबाबांची, म्हणजे आपल्या बोरकरांची, एक कविता घ्या, पाठ्यपुस्तकातली अजिबात नको. निम्म्या कागदांवर बा. भ. बोरकर नाव छापा, निम्मे बिननावाचे, आणि गठ्ठा नीट पिसून वाटा. एकाच वेळी एकाच वर्गात, नाहीतर मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सगळं फुटतं. कविता किती आवडली ते एक ते सात आकड्यात, आणि का ते पाच ओळीत. शेवटी "ही आधी वाचली होती का, कवी ओळखला का" हे विचारा आणि हो म्हणणारे बाजूला काढा. आकडे तुमच्या मॅडमना, त्या पाच ओळी तुम्हाला. ओळींचं वर्गीकरण दोघांनी वेगवेगळं बसून करायचं आणि मग जुळवायचं, तिथे होणारी भांडणं वहीत लिहून ठेवायची, व्हायवाला तीच कामी येतात.

मध्यम आकाराचा फरक नीट पकडायचा तर दर गटात साधारण 64 मुलं लागतात. तुम्हाला 30-30 मिळतील. मग फरक दिसला नाही तर "नावाचा परिणाम होत नाही" असं न लिहिता "एवढ्या मुलांत दिसला नाही" असं लिहायचं. आणि अकरावी-बारावीची मुलं घेऊ नका, अठराच्या खाली पालकांची सही आणि मुलाचीही संमती लागते, त्यातच फेब्रुवारी उजाडेल.

निवृत्त_मास्तर
बाकीबाबांचं नाव छापल्यावर गोव्यात सातपेक्षा कमी मार्क द्यायची कुणाची छाती आहे? त्यांच्या बोरी गावचा एखादा असेल तर आठ देईल.

पणजीकर_सायको
सर, म्हणूनच तर प्रयोग 😂

डिचोली_मराठी
देव बरें करूं सगळ्यांचें. मॅडमशी फोनवर बोलले, त्या चक्क खूश आहेत. म्हणाल्या वाटताना आपण दोघींनी वर्गात थांबायचं नाही, आपली तोंडं बघून पोरं मार्क वाढवतील. शुक्रवारी सातही जणांनी एकत्र बसायचं ठरलंय. पाठ्यपुस्तकात नसलेली कविता कुणाला सुचत असेल तर मेसेज करा, इथे नको, आमची पोरं पण हा ग्रुप वाचतात.